रुमालाखालचं बोट

माझा धंदा बैलांचा. बैल विकणारा आणि बैल घेणारा यांच्या मधे उभं राहून सौदा जुळवायचा. आमच्याकडं अशा माणसाला हेडी म्हणतात. युसूफ वडगावच्या आजूबाजूच्या गावांत कुणाला बैलजोडी बदलायची असली की तो आधी माझ्या दारात यायचा. आता ट्रॅक्टर आले, बाजार बसले, तरी अजून एखादा म्हातारा येतो. शाळा माझी तिसरीपर्यंत. त्यामुळं लिहितो ते बोलल्यासारखं होतं. होऊ द्या. ज्याला वाचायचंय तो वाचील.

बैलबाजारात भाव तोंडानं करत नाहीत. खांद्यावरचा रुमाल दोघांच्या हातांवर टाकायचा आणि खाली एकमेकांची बोटं धरायची. जितकी बोटं धरली तितका आकडा. बोट अर्ध्यात दाबलं की निम्मा. पसंत नसलं की तळहात उघडा करून सोडून द्यायचा. गर्दी भोवती उभी असते, कान टवकारून. पण रुमालाच्या वर दोन माणसांची तोंडं दिसतात, बाकी कुणाला काही कळत नाही. बापानं मला ही बोटं शिकवली तेव्हा दोन गोष्टी सांगितल्या. रुमालाखाली झालेलं बाहेर सांगायचं नाही. आणि शेवटी एकदा हात दाबला की मागं फिरायचं नाही, नुकसान झालं तरी. मी कधी फिरलो नाही. ह्या दोन गोष्टींवर माझी पत बाजारात उभी आहे.

तिसरी गोष्ट त्यानं शिकवली ती वळण बघायची. वासरू बघायच्या आधी त्याची गाय बघ, म्हणायचा. मी अनोळखी गावात गोठ्यात उभं राहून सांगितलेलं आहे की हे खोंड अमक्याच्या गाईचं, आणि ते खरं निघालेलं आहे. कान, वशिंड, खूर, चालायची ढब, सगळं वरून खाली उतरत येतं. त्यामुळं चार माणसांत बसलो की माझं एक बोलणं ठरलेलं असायचं. आईची खोट वासरात उतरल्याशिवाय राहत नाही, असं मी म्हणायचो. बैलांबाबत आजही म्हणतो.

लेक एकच. ती मांजरसुंब्याच्या अलीकडच्या एका गावात दिली. घर बघायला गेलो तेव्हा मी त्यांच्या घरातली माणसं तशीच बघितली, आजा कसा, चुलते कसे, कुणाला काय. आणि त्यांनाही सांगितलं, आमचंही बघून घ्या, आमच्या रक्तात खोट सापडायची नाही. व्याही हसले. त्या वेळी तो हसण्याचाच विषय होता.

पहिलं बाळंतपण आमच्याकडं झालं. मुलगी झाली. बाळ नीट होतं, आवाज खणखणीत. पण उजव्या हाताची दोन बोटं, अंगठ्याजवळचं आणि त्याच्या शेजारचं, बाकीच्यांपेक्षा जाड होती. नर्स म्हणाली सूज असेल, उतरेल. आम्हीही तेच धरून बसलो. बारशाला विहीणबाई आल्या, त्यांनी बाळ मांडीवर घेतलं आणि कुणाच्या ध्यानात यायच्या आत झबल्याची बाही ओढून तो हात झाकला. तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं की ही सूज नाही.

सूज उतरली नाही. पोर वाढायची त्याच्या पुढं ती बोटं वाढायची. अंगणवाडीत जायला लागली तेव्हा अंगठ्याजवळचं बोट माझ्या अंगठ्याएवढं झालं होतं. नख रुंद. बोट नुसतं लांब नव्हतं, आत मऊ मांस भरल्यासारखं, आणि हळूहळू ते बाजूला वळायला लागलं. तळहाताचा तो भागही उशीसारखा उचललेला. मनगटापासून कोपरापर्यंत हाताची एक बाजू दुसऱ्या हातापेक्षा भरलेली. बाकी अंगाला काही नाही. तोंडाकडं बघितलं तर आपल्या आजीवर गेलेली, गोरटेली, हसरी.

लोकांनी काय काय काढलं. कुणी ग्रहणाचं काढलं, कुणी करणीचं. ते मी कानावर घेतलं नाही. पण एक गोष्ट कानावर घ्यावी लागली. सोयऱ्यांच्यात एक लग्न होतं. पंगत बसलेली. व्याही माझ्या समोरच्या रांगेत. वाढणारा पुढं सरकला आणि व्याह्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "हेडी, तुमीच म्हनता न्हवं, आईची खोट वासरात उतरती. मंग आमच्या घरात जी खोट आली ती कुनाची म्हनायची?"

पंगत हसली. वाईट मनानं नाही, जशी पंगत हसते तशी. मी पानावरून उठलो. उठलेलं बरं दिसत नाही, पण बसवलं नाही. माझं बोलणं माझ्याच तोंडावर फेकलं होतं. माझी लेक बायकांच्या पंगतीत होती. तिनंही ऐकलं.

पुढं जावयांनी तिला आणून सोडलं. पोरीचा इलाज होईस्तोवर राहू द्या, म्हणाले. जावई तोंडानं वाईट नाहीत, फक्त बापाच्या पुढं त्यांना तोंड नाही. इलाज होईस्तोवर म्हणता म्हणता नात आमच्या घरीच शाळेत घातली.

तर ती आमच्याकडं वाढली. मला आबा म्हणते, तिची आईही आबाच म्हणते. मी बाजाराहून आलो की ती खांद्यावरचा रुमाल ओढायची, माझ्या हातावर टाकायची आणि आत हात घालायची. मी तिला बोटं शिकवली. पोरीच्या जातीला ही बोटं कुणी शिकवत नाही, माझ्या घरातल्या म्हातारीनं, तिच्या आजीनं, त्यावरून तोंड वाजवलं. पण पोरगी हुशार. मी भाव पाडायचो, ती चढवायची. एकदा ते जाड बोट माझ्या मुठीत आलं आणि मी क्षणभर थांबलो. ती म्हणाली, "आबा, ह्या बोटाचा भाव डबल धरायचा." मी म्हणालो, "असा हेडी मला भेटला तर मी भिकंला लागंन." ती इतकी हसली की रुमाल खाली पडला. रुमालाखाली तिला हाताची लाज नव्हती. रुमालाच्या बाहेर होती.

बाहेर ती ओढणी हातावर घ्यायची, उन्हाळा असो की काही. शाळेत पोरं तिला केळी म्हणायची. लिहायला ती डावा हात शिकली. थंडीत त्या बोटाला ठणक लागायची आणि टोकाला मात्र काही लागलं तरी कळायचं नाही. एकदा तव्याला चटका बसला आणि वास आल्यावर तिला समजलं.

ती सातवीत असताना गावात तपासणीचं शिबिर झालं. तिथल्या डॉक्टरांनी शहरातल्या मोठ्या दवाखान्यात जायला सांगितलं. मी, लेक आणि नात गेलो. डॉक्टरीण बाई होत्या, वयानं माझ्या लेकीएवढ्या. त्यांनी दोन्ही हात शेजारी ठेवून मापं घेतली, फोटो काढले, पाय बघितले, पाठ बघितली. विचारलं, घरात आणखी कुणाला असं काही? मी लेकीला बोलू दिलं नाही. आमच्यात कुणाला न्हाई, म्हणालो. त्यांनी नातीचं रक्त घेतलं, लेकीचं घेतलं. जावयांना निरोप दिला होता, ते आले नव्हते.

काही आठवड्यांनी परत बोलावलं. बाईंनी सांगितलं, "रक्तात काही दोष सापडला नाही."

ह्या एका वाक्यासाठी मी किती वर्षं थांबलो होतो ते मलाच ते ऐकल्यावर कळलं. मी उठलोच. बाईंना हात जोडले. त्या पुढं काहीतरी बोलत होत्या, लेकही खुणा करत होती, पण माझं काम झालं होतं. रक्तात खोट नाही. डॉक्टरनं सांगितलं, मशिनीनं सांगितलं. येताना एसटी मांजरसुंब्याला थांबली तशी मी दोघींना खाली उतरवलं. लेक म्हणाली, आबा घरी जाऊ. मी ऐकलं नाही. रिक्षा केली आणि व्याह्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो.

ओट्यावर त्यांच्याजवळ गावातली दोन-चार माणसं बसलेली होती. बरंच झालं म्हणालो मनात. पाणी दिलं ते घेतलं नाही. उभ्यानंच सांगितलं, "आमचं रक्त साफ हाय. मोठ्या डॉक्टरनं तपासून सांगितलंय."

व्याह्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "रक्त साफ हाय तर हात कावून असा?"

मी उभाच राहिलो. ते म्हणाले, बसा, पाणी घ्या, उन्हातून आलाय. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, तेच जास्त लागलं. मी वळून बघितलं तर लेक वाड्यात आलीच नव्हती. ती बाहेर रस्त्यावर पोरीला घेऊन उभी होती, आणि पोरीनं ओढणी हातावर घेतली होती. आपल्या बापाच्या घराच्या दारात.

परतीच्या गाडीत लेकीनं पोरीला खिडकीजवळ बसवलं. केज जवळ आलं तेव्हा म्हणाली, "बाई पुढं सांगत हुत्या आबा. हे रक्तात दिसतच न्हाई म्हनून. तुमी उठलात."

पुढच्या खेपेला डॉक्टरीण बाईंनी मला आधी बसायला सांगितलं. म्हणाल्या, मागच्या वेळी तुम्ही अर्ध्यातून गेलात, आज पुरं ऐका. मग त्यांनी जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत लिहितो.

माणूस पोटात सुरू होतो तो एका कणापासून. एकाचे दोन, दोनाचे चार, असं वाढत जातं. प्रत्येक कणात लिहिलेलं असतं, किती वाढायचं, कुठं थांबायचं. आमच्या पोरीच्या बाबतीत वाढ सुरू झाल्यावर मधेच एका कणात नक्कल उतरताना चूक झाली. वाढ म्हणायचा हुकूम चालू राहिला, थांब म्हणायचा तिथं पोचेना. त्या एका कणापासून पुढं जे जे झालं, ती दोन बोटं, तळहाताचा तो भाग, हाताची एक बाजू, तेवढ्यातच ती चूक गेली. बाकीचं अंग दुसऱ्या कणांचं. रक्तही दुसऱ्या कणांचं. म्हणून रक्तात सापडत नाही. सापडायची तर ती त्या बोटाच्या मांसात सापडेल. आईनं दिली नाही, बापानं दिली नाही, कुणी काही खाल्लं, चिरलं, बघितलं म्हणून झाली नाही. आणि हिच्या पोटच्या लेकरांत ही सहसा उतरत नाही.

मी म्हणालो, बाई, कुठून तरी आल्याशिवाय कसं येईल. त्या म्हणाल्या, आबा, तिथंच झालं. कुठून आलं नाही.

हे मला पटायला वेळ लागला. घरी आमच्या न्हाणीजवळ जास्वंद आहे. तिची एक फांदी वर्षानुवर्षं पांढऱ्या ठिपक्याच्या पानांची निघते. मूळ तेच, पाणी तेच, शेजारची फांदी हिरवीगार. मी ती कैक वेळा बघितली होती आणि कधी विचारलं नव्हतं की ही कुणावर गेली. त्या दिवशी घरी आल्यावर तिच्यापुढं उभा राहिलो. म्हातारी म्हणाली, झाडाला काय विचारताय.

पण त्या आधी दवाखान्यातच एक बोलणं झालं ते सांगायचं राहिलं. बाई म्हणाल्या होत्या, पक्कं करायचं असेल तर बोटातला बारीक तुकडा काढून तपासता येईल. मी लगेच नको म्हणालो. माझं नाव धुवायला पोरीच्या अंगाचा तुकडा काढायचा नाही. मला वाटलं मी मोठी गोष्ट बोललो. लेक माझ्या शेजारी बसली होती. ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "नाव तुमचं एकट्याचं न्हाई, आबा."

इतकी वर्षं ती माझ्या घरात राहत होती आणि पंगतीतला तो बोल माझ्यावर पडला असंच मी धरून चाललो होतो. तो बोल आईवर होता. आई ती होती.

मग बाईंनी खरी गोष्ट काढली, तुकड्यापेक्षा मोठी. म्हणाल्या, अंगठ्याजवळच्या बोटाचा सांधा धरलाय. ते आता कामाचं राहिलं नाही आणि शेजारच्या बोटालाही ओढतंय. दोन वाटा आहेत. एक, आतलं जादा मांस काढून बोट बारीक करायचं. ते परत भरतं, परत काढावं लागतं, हिचं वाढायचं वय संपेपर्यंत. दुसरी, ते बोट मुळापासून काढून टाकायचं, शेजारच्याचं जादा मांस काढायचं आणि त्याची वाढ थांबवायची. मग अंगठा आणि ते दुसरं बोट मिळून तिला वस्तू धरता येईल. काही गोळ्याही निघाल्यात, पण एवढ्या जागेसाठी सगळ्या अंगाला ते औषध मी आज देणार नाही, म्हणाल्या. घाई नाही, पण फार वर्षंही नाहीत. घरी जा, बोला. आणि तिला विचारा.

घरात बोलणं सुरू झालं. म्हातारी म्हणाली, देवानं दिलेलं अंग आहे, काढायचं नाही. लेक म्हणाली काढायचं, उद्या तिला दुसऱ्या घरी जायचंय. जावयांचा फोन आला, बोट काढून घ्या, मग दादांशी बोलतो. दादा म्हणजे आमचे व्याही. हे ऐकून माझं डोकं फिरलं. बाजारात काही हेडी बैलाचं वाकडं शिंग तासून, रंग लावून विकतात. मी कधी शिंग तासून बैल विकला नाही. वाकडं असलं तर वाकडं म्हणून दाखवला. आणि आता माझ्या नातीचं बोट तासून द्यायचं, कुणाच्या तरी अंगणात चालावी म्हणून? मी सांगून टाकलं, माझ्या जिवात जीव आहे तोवर कुणाच्या डोळ्यासाठी ह्या पोरीच्या अंगाला सुरी लागणार नाही.

पोरीला सगळ्यांनी विचारलं. आईनं विचारलं, आजीनं विचारलं, फोनवर बापानं विचारलं, मी विचारलं. ती प्रत्येकाला एकच म्हणाली, तुमी म्हणाल तसं. त्यामुळं प्रत्येकाला वाटलं की ती आपल्या बाजूनं आहे. मलाही वाटलं.

एका सकाळी मी गोठ्यापुढं बाजेवर बसलो होतो. ती शाळेचे कपडे घालून चहा घेऊन आली. ओढणी हातावर होती, घरातल्या घरात. ती कपबशी खाली ठेवून वळली तेव्हा मला कळलं की मी तिला विचारलं तेही बाजारातल्या माणसानं रुमाल न टाकता विचारावं तसं होतं. सगळ्यांच्या देखत. अशा वेळी कोण खरा भाव सांगतो?

मी तिला बसवलं. खांद्यावरचा रुमाल काढला, तिच्या हातावर आणि माझ्या हातावर टाकला. म्हणालो, "हितं तुझी आई न्हाई, बाप न्हाई, मीबी न्हाई. धर."

तिनं वळून घराच्या दाराकडं बघितलं. गाय रवंथ करत होती. मग तिनं माझं बोट धरलं. अंगठ्याजवळचं. ते धरून तिनं आत मिटवलं, माझ्याच तळहातावर, आणि वरून दाबलं.

मला वाटलं ती बोटं विसरली. मी ते बोट पुन्हा सरळ केलं. तिनं पुन्हा मिटवलं. मी पुन्हा सरळ केलं. हे मी सौदा म्हणून केलं नाही, बोट काढायचं मला कबूल नव्हतं म्हणून केलं. तिनं तिसऱ्यांदा मिटवलं आणि ह्या वेळी आपला दुसरा हातही रुमालाखाली घातला आणि माझी मूठ दोन्ही हातांनी धरून ठेवली. मग हळू आवाजात बोलली. हे तिला विचारून इथं लिहितोय, नाहीतर रुमालाखालचं मी लिहिलं नसतं.

म्हणाली, "लोकांसाठी न्हाई आबा. आईसाठीबी न्हाई. मी झोपले तरी ते वाढतंय. मला त्येच्या मागं पळायचा कंटाळा आलाय."

एवढंच. मग तिनं हात दाबला. शेवटचा, सौदा पुरा झाल्यावर दाबतात तसा. कुणी शिकवलं म्हणाल तर मीच शिकवलं होतं.

आयुष्यात मी रुमालाखाली पुष्कळ माणसं बघितली, खोटी, खरी, अडलेली. मनात एक आणि बोटात दुसरं असलं तर मला कळतं, बोट सैल पडतं. तिचं बोट सैल नव्हतं. ते जड बोट, टोकाला काही न कळणारं, माझ्या मुठीवर ठेवलेलं होतं, आणि मला ते कळत होतं. मी हात दाबला.

आत जाऊन सांगितलं, बोट काढायचं.

म्हातारी रडायला लागली. लेक माझ्या तोंडाकडं बघत राहिली. म्हणाली, काल तर तुम्ही नको म्हणत होतात, काय झालं? मी म्हणालो, काही नाही, ठरलं. कारण सांगायचं नव्हतं. सांगितलं असतं तर पोरीनं सगळ्यांना सांगितलेलं खोटं पडलं असतं, आणि रुमालाखालचं बाहेर आलं असतं. गावात पसरलं की हेडी नमला, जावयानं दटावलं आणि नमला. बाजारात एकानं तोंडावर विचारलं, "काय बे, म्हातारपनी मान वाकली का?" मी त्याच्या बैलाचे दात बघितले आणि पुढं गेलो. आयुष्यभर कुणापुढं न वाकल्याचा मला गर्व होता, अजूनही आहे. तो गर्व त्या दिवसांत मी गिळून ठेवला आणि कुणाला कारण दिलं नाही. हे सोपं नव्हतं. एवढं सांगतो.

ऑपरेशनच्या दिवशी तिला आत न्यायच्या आधी तिनं माझ्याकडं बघितलं. मी रुमालाला हात लावला. बाईंनी विचारलं, काढलेल्या बोटातला तुकडा तपासायला पाठवू का? म्हणजे आता वेगळं काही कापायचं नव्हतं. मी म्हणालो, हिच्या आईला विचारा. लेक म्हणाली, पाठवा.

आत बोट काढत होते तेव्हा बाहेर मी बसलो होतो त्या बाकावर म्हातारीही होती. ती मधेच म्हणाली, पहिल्यांदा आंघोळ घातली तेव्हा त्या बोटालाच जास्त तेल लावलं होतं मी, उतरंल म्हणून.

तपासणीचं बरेच दिवस कळलं नाही. मग एका संध्याकाळी बाईंचा फोन लेकीला आला. ती भाकरी थापत होती. फोन कानाला खांद्यानं धरून ती हो, हो म्हणत राहिली आणि हात थांबले नाहीत. फोन ठेवल्यावर तिनं ती भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली, आणि मग सांगितलं. चूक बोटाच्या मांसात सापडली. रक्तात नाही. पोटात असताना त्या जागी झालेली, कुणाकडून आलेली नाही.

"कुनाचीच खोट न्हाई," ती म्हणाली. आणि दुसरा गोळा घेतला.

मला वाटलं होतं, असं कधी ऐकलं तर मी पुन्हा मांजरसुंब्याला उतरीन, ह्या वेळी पुरं ऐकून घेऊन. पण बसल्या जागेवरून उठवलं नाही. जिंकल्यासारखं काही वाटेना. व्याह्यांची खोट निघाली असती तर मी नाचलो असतो, खोटं कशाला बोलू. पण इथं हरलेलं कुणी नव्हतं. मी जन्मभर प्रत्येक खुराचा, प्रत्येक शिंगाचा बाप शोधला. ह्याला बापच नव्हता. एवढी वर्षं एक माय आपली मान खाली घालून ज्याच्यासाठी जगली ते कुणाचंच नव्हतं. जे बोट सगळ्यांनी झाकलं, ज्याला केळी म्हटलं, तेच जाताना तिच्या आईची साक्ष देऊन गेलं.

जावई आले. लेकीनं चहा दिला आणि सगळं त्यांना नीट समजावून सांगितलं, बाईंनी सांगितलं होतं तसं. त्यांनी मान हलवली. मग मला म्हणाले, आबा, तुम्ही येता का दादांना सांगायला? तुमचं ते ऐकतील.

मी म्हणालो, "मी एकदा सांगून आलोय जावईबापू. आता तुमी सांगा."

त्यांनी चहा संपवला. त्यांनी सांगितलं का नाही ते मला माहीत नाही. लेकीला न्यायचं ते बोलले तेव्हा लेकच म्हणाली, पोरीची दहावी होऊ द्या, मग बघू. मी मधे पडलो नाही.

ह्या सगळ्याच्या आधीची, पट्टी सुटली त्याच्या दुसऱ्या दिवशीची एक गोष्ट राहिली. मी बाजेवर होतो. पोरगी आली, ओढणी गळ्यात, हात उघडा. टाके निघालेले, कातडी लाल. अंगठ्याच्या आणि पुढच्या बोटाच्या मधे रुंद जागा झालेली. मी दुसरीकडं बघायला लागलो. तिनं माझ्या खांद्यावरचा रुमाल ओढला, दोघांच्या हातांवर टाकला आणि आपला हात माझ्या हातात दिला.

मी सवयीनं बोटं चाचपायला लागलो. अंगठा. मग माझं बोट त्या रिकाम्या जागेत गेलं आणि थांबलं. तिथं नवी कातडी होती, गरम. मी तिथंच राहिलो.

"पुढं मोजा, आबा," ती म्हणाली.